कुरडूचा वाफा

“बघ गं प्रयाग, कसा लख्ख केलाय वाफा! एक काडी ठेवली न्हाई.”

गोदाआत्या विहिरीजवळच्या वाफ्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात खुरपं, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर एकटीनं लग्नाचा स्वयंपाक उरकल्यासारखं समाधान. गणपती दोन दिवसांवर आले होते. मी गल्लीत घरोघरी फुलांच्या पुड्या देऊन नुकतीच मळ्यात परतले होते. डोक्यावरची रिकामी पाटी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. वाफा खरोखरच लख्ख होता. सकाळी मी बाहेर पडले तेव्हा तिथे गुडघ्याएवढी कुरडूची रोपं दाटीनं उभी होती. आता नुसती काळी माती होती.

“आत्या, इथलं कुरडू कुठंय?”

“ते व्हय? उपटलं की सगळं. टाकलं पलीकडच्या बांधावर. अगं, माळ्याचा मळा आणि विहिरीच्या अंगाला एवढं तण? कुणी बघितलं तर आपल्या तोंडात शेण घालंल.”

मी तिथेच बसले आणि मला रडू फुटलं. चारचौघांत रडणारी बाई मी नव्हते. लग्नात सासरी येतानासुद्धा मी रडले नव्हते, त्यावरून नावं ठेवली होती लोकांनी. पण त्या दिवशी मात्र आवरेना.

“या बया! तण काढलं म्हणून रडतीस?” आत्या गोंधळल्या. “मी म्हटलं पोरगी खूश हुईल!”

माझे सासरे, अण्णा, छपरात सकाळपासून गणपतीच्या हारांत मान घालून बसले होते. रडणं ऐकून ते बाहेर आले. त्यांनी वाफा पाहिला, मला पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

“गोदाअक्का, ते तण न्हवतं,” ते म्हणाले. “पेरलेलं होतं.”

“पेरलेलं? कुरडू?” आत्यांचं खुरपं हातातून गळालं. “कुठल्या खुळ्यानं पेरलं?”

“माझ्या सुनेनं,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा छपरात निघून गेले.

गोदाआत्या अण्णांच्या थोरल्या बहीण. बार्शीकडच्या एका खेड्यात नांदत होत्या आणि गौरी-गणपतीसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना नुसतं बसून राहणं माहीत नव्हतं. शेतात तण दिसलं की त्यांच्या हाताला खाज सुटायची. आणि कुरडू तर आपल्याकडच्या शेतकऱ्याचं जुनं दुखणं. बाजरीत, तुरीत, जिथे नको तिथे उगवणारं. आत्यांनी उभ्या जन्मात ते उपटलंच होतं. कुणी ते पेरील, पाणी घालील, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. त्यांना बोलून तरी काय उपयोग होता?

पण त्या वाफ्यावर माझं काय काय टांगलेलं होतं, ते सांगितल्याशिवाय माझं रडणं तुम्हालाही खुळचटच वाटेल.

आमचा मळा सोलापूरच्या पूर्व भागात. अण्णांच्या वडिलांनी तो धरला तेव्हा भोवती माळरान होतं. पुढे यंत्रमाग आले, तेलुगू विणकरांची घरं आली आणि मी लग्न होऊन आले तेव्हा चहूबाजूंनी मागांची खडखड आणि मधोमध आमचा दीड एकराचा हिरवा तुकडा, असं झालं होतं. झेंडू, शेवंती, निशिगंध, थोडी अबोली आणि कुंपणाला जास्वंद. मळ्याची रीत एकच होती: आधी गल्ली, मग मंडई. मारुतीची पाटी, व्यंकटेशाचा हार, कुणाची हळद, कुणाचं बारसं, हे सगळं आमच्याकडून. मयताच्या घरून माणूस आला तर त्यानं तोंड उघडायच्या आधी टोपली भरून द्यायची. सासूबाई गेल्यावर हे सगळं माझ्याकडे आलं. माझे यजमान पुण्याला कंपनीत होते, सणासुदीला यायचे आणि “अण्णा म्हणतील तसं” एवढंच बोलायचे.

आणि त्या वर्षी अण्णा म्हणू लागले होते, की मळा मोडावा.

त्यांचंही चूक नव्हतं. गुडघे गेले होते. मुलगा परत येणार नाही हे कळून चुकलं होतं. त्यातून श्रीनिवास येमूलनं त्यांच्यापुढे एक गोष्ट मांडली होती. श्रीनिवास आमच्याच गल्लीतला, मागावर काम करत करत बांधकामात शिरला आणि चांगला वर आला. माणूस वाईट नव्हता. त्याला मळ्याच्या जागी मंगल कार्यालय बांधायचं होतं. “अण्णा, आपल्या गल्लीतल्या पोरींची लग्नं रस्त्यावर मांडव घालून होतात,” तो म्हणायचा. “पाऊस आला की पंगत पळते. तुमच्या जागेवर गल्लीचंच भलं होईल.” अण्णांना ते पटलं होतं. मला मात्र पटलं नव्हतं, आणि गुढीपाडव्याच्या दिवशी मी तोंड उघडलं.

“अण्णा, गल्लीला मळा लागतो.”

“गल्लीला हार लागतो,” अण्णा म्हणाले. “आणि हार आता चौकात मिळतो. चौकात मिळत न्हाई असं काय देतीस तू गल्लीला? दसऱ्यापर्यंत दाखव. दाखवलंस तर मळा राहील, आणि तुझ्या हाताखाली राहील. न्हाई तर दसऱ्याला मी श्रीनिवासला शब्द देणार.”

सासऱ्यानं सुनेला असं आव्हान द्यायचं आणि तिनं ते घ्यायचं, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. “दाखवते,” मी म्हटलं. काय दाखवायचं ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं.

तेलुगू बायकांचा बतकम्माचा सण असतो, नवरात्राच्या दिवसांत. पितळी ताटात फुलांचे थरावर थर रचून कळसासारखा उंच मनोरा करतात, शेंड्यावर हळदीची गौरी बसवतात आणि बायका त्याभोवती फेर धरून, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. झेंडू-शेवंती त्यात असतेच, पण बतकम्माचा खरा जीव कुरडूच्या तुऱ्यांत. पांढरे, गुलाबी शेंड्याचे ते तुरे थरांत दाटीनं लावले की मनोरा उभा राहतो. आणि कुरडू कुठल्याच मंडईत मिळत नाही. तण कोण विकणार? पूर्वी गल्लीतले पुरुष पहाटे सायकली घेऊन माळावर जायचे आणि भारे बांधून आणायचे. मग माळावर प्लॉट पडले, बंगले झाले, कुरडू संपलं. आदल्या वर्षी श्रीनिवासच्या आईनं, नरसम्मा मावशीनं, रंगवलेल्या कागदाचे तुरे कापून थर रचले होते. मी तिच्याकडे झेंडू द्यायला गेले तेव्हा ती ताटापुढे बसली होती. “देवीला कागद वाहिला गं प्रयागम्मा,” ती म्हणाली होती. “देवी काही बोलणार नाही. पण मला कळतं की.”

ते माझ्या काळजाला लागलं. त्या दिवाळीनंतर मी बंद पडलेल्या एका गिरणीच्या आवारात चुकून उरलेल्या चार झाडांखालून कुरडूचं काळंभोर, मोहरीहून बारीक बी झाडून आणलं आणि पावसाच्या तोंडाला विहिरीजवळच्या सगळ्यात चांगल्या वाफ्यात, जिथे शेवंती व्हायची तिथे, ते पेरलं. अण्णांनी कपाळावर हात मारला होता. “माळ्याची सून तण पेरायली,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी हसून घ्यायची. नरसम्मा मावशीला मात्र मी शब्द दिला होता, की यंदा ताटात कागद नसेल. आणि आता तो शब्द पलीकडच्या बांधावर उन्हात पडला होता.

मी डोळे पुसले आणि बांधाकडे धावले.

आत्यांनी कामात कसूर केली नव्हती. मुळासकट सगळं उपटलं होतं, मुळांची माती झटकली होती आणि ढीग व्यवस्थित रचला होता. वरची रोपं माना टाकून पडली होती. मी ढीग उचकला. आत, खाली, अजून ओल होती. पानं मलूल होती, पण देठ ताठ होते. कुरडू सहजासहजी मरत नाही, त्याचा लौकिकच तसा आहे. उपटून बांधावर टाकलं तरी पाऊस पडला की पुन्हा मूळ धरतं, म्हणून तर शेतकरी त्याला शिव्या घालतात. पण पाऊस नव्हता. ऊन होतं. आणि एवढी रोपं सूर्य मावळायच्या आत पुन्हा लावायची तर एकटीचे दोन हात काय पुरणार?

“आत्या, लावू लागता का परत?”

“मी?” आत्यांचा आवाज चढला. “सबंध जन्म मी कुरडू उपटलं. आता म्हातारपणी लावू? गावात कळलं तर हसतील मला.” आणि त्या पाठ फिरवून छपराच्या सावलीला जाऊन बसल्या.

मी गल्लीत निघाले. निघाले खरी, पण नरसम्मा मावशीच्या दारात पाय अडखळला. मंगल कार्यालय बांधायला निघालेला तिचाच मुलगा. माझा वाफा मोडला, तर तिच्या घराचं कामच सोपं होणार होतं. कुठल्या तोंडानं मदत मागायची? पण शब्द तिलाच दिला होता, तेव्हा तो मोडल्याचंही तिलाच सांगणं भाग होतं.

मावशी उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. विडी वळून झाली, दोरा गुंडाळला, मग तिनं वर पाहिलं.

“मेलं का जिवंत आहे?”

“जीव आहे अजून. पण संध्याकाळपर्यंत मातीत गेलं पाहिजे.”

मावशीनं सूप बाजूला सारलं. मी त्या गल्लीत इतकी वर्षं होते, पण दिवसाउजेडी कुठल्या बाईनं भरलं सूप असं अर्ध्यावर ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. ती उठली, पदर खोचला आणि समोरच्या दारात जाऊन तिनं तेलुगूत अशी काही हाक दिली, की मागांच्या खडखडाटातूनही ती चार घरं पलीकडे ऐकू गेली. दारं उघडू लागली. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मावशी प्रत्येकीला दोनच वाक्यं सांगायची आणि पुढे जायची.

तेवढ्यात श्रीनिवास गाडीवरून आला. “अम्मा, एवढ्या सगळ्या जणी कुठं निघालात?”

“मळ्यात. फुलं लावायला.”

श्रीनिवासनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “अम्मा, त्या मळ्याचं दसऱ्याला काय ठरायचंय, माहीत आहे ना तुला?”

“दसरा लांब आहे रे,” मावशी म्हणाली. “ऊन जवळ आहे.”

आणि ती चालू लागली. तिच्या मागून गल्ली चालू लागली.

त्या दुपारी आमच्या मळ्यात जे झालं, त्याला शेतकाम म्हणणं धाडसाचंच ठरेल. या बायकांनी मागावर ताणे जोडले होते, विड्यांचे ढीग रचले होते, पण मातीत हात घातला नव्हता. कुणी रोप खोल गाडून टाकायची, की वर शेंडाच दिसायचा. कुणी नुसतं मातीवर टेकवून ठेवायची. एकीनं तर आडवंच लावलं आणि मला विचारलं, “असंच ना वहिनी?” त्यातच लाइट गेलेली, विहिरीवरची मोटर बंद. पोहऱ्यानं पाणी शेंदायचं आणि घागरी हातोहात पुढे द्यायच्या. अर्धं पाणी वाटेत साड्यांवरच सांडायचं. हसण्याचा एकच गलका उठला होता. मला हसावं की रडावं कळत नव्हतं, पण रोपं मातीत जात होती.

छपराच्या सावलीतून गोदाआत्या हे पाहत होत्या. एकदा त्यांनी तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं. एकदा उठल्या आणि परत बसल्या. मग मात्र त्यांना राहवेना.

“अगं ए बायांनो! मूळ दुमडून लावताय व्हय? पोराला पाळण्यात वाकडं निजवावं तसं करायलाय की गं!” तरातरा वाफ्यात येऊन त्यांनी एकीच्या हातातलं रोप काढून घेतलं. “हे असं. बोटानं भोक पाड. मूळ सरळ सोड. आता अंगठ्यानं दाब. दाब की! लाजायलीस कशाला?”

मग विचारू नका. आत्या पुढे आणि गल्ली मागे. आत्यांना तेलुगू कळत नव्हतं आणि निम्म्या जणींना आत्यांचं बार्शीचं मराठी कळत नव्हतं, पण शिव्या सगळ्यांना कळत होत्या. आयुष्यभर उपटलेलं सगळं कुरडू त्यांनी त्या दुपारी परत लावलं असावं, अशा हिरिरीनं त्या लावत सुटल्या.

लावून तर झालं, पण ऊन अजून होतं आणि रोपं माना टाकून उभी होती.

“सावली पायजे,” आत्या म्हणाल्या. “एरंडाची पानं हायत का कुठं?”

एरंड नव्हता. नरसम्मा मावशी दोघीतिघींना घेऊन गेली आणि जरा वेळानं खांद्यावर चादरी घेऊन परतली. मागावर विणताना बिघडलेल्या, नक्षी चुकलेल्या, म्हणून घरात पडून राहिलेल्या सोलापुरी चादरी. काठ्या रोवून आम्ही त्या वाफ्यावर ताणून बांधल्या. लाल, निळ्या, हिरव्या. मळ्यात मांडव पडला.

अण्णा हार अर्धवट टाकून छपराच्या दाराशी आले.

“तणावर सोलापुरी चादर!” ते म्हणाले. “हे बघायला जगलो बघ गोदाअक्का.”

ते चेष्टेत म्हणाले, असंच मला तेव्हा वाटलं. पण नंतर पाहिलं तर एका कोपऱ्यातली चादर लोंबत होती आणि अण्णा दुखऱ्या गुडघ्यांवर उकिडवे बसून काठी घट्ट रोवत होते.

सगळी रोपं काही जगली नाहीत. निम्मी गेली असतील. पण जी जगली, ती अशी जगली की जणू अपमानाचा बदला घेत होती. गौरी गेल्या, गणपती गेले, पण आत्या गावी जायचं नाव काढेनात. “जरा मूळ धरू दे, मग जाते.” मग म्हणाल्या, “तुरा निघू दे, मग जाते.” दोन वेळा गावाहून मुलाचा निरोप आला. आत्यांनी उलट निरोप धाडला, की मला इथं काम हाय. रोज सकाळी खुरपं घेऊन त्या कुरडूच्या वाफ्यातलं तण काढायच्या. तणातलं तण! मी एकदा त्यावरून चिडवलं तर म्हणाल्या, “पेरलं ते पीक. त्याच्यात दुसरं आलं की ते तण. मला शिकवायलीस?”

पितृपक्ष संपता संपता पहिला तुरा निघाला. मग वाफाच्या वाफा पांढरा-गुलाबी झाला. माळावर वाऱ्यावर डोलणारं कुरडू मी लहानपणी पाहिलं होतं, पण ओळीत लावलेलं, मशागत केलेलं, पोटभर पाणी प्यालेलं कुरडू त्याआधी कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. वीतभर लांब तुरे. गल्लीतली माणसं कामावर जाताना कुंपणापाशी सायकल थांबवून पाहायची. मी उगाचच तिथे घुटमळायची. लपवून काय करू, मला माझ्या वाफ्याचा गर्व झाला होता.

अष्टमीला मोठी बतकम्मा. सकाळी बायका टोपल्या घेऊन मळ्यात आल्या. कुणी कुठली ओळ लावली होती ते सगळ्यांना आठवत होतं, त्यावरून भांडणंही झाली. ज्यांची रोपं मेली होती त्यांना शेजारणींनी आपल्यातले तुरे दिले. जाता जाता मावशी म्हणाली, “संध्याकाळी ताटं इथंच आणतो आम्ही. चालेल ना अण्णा?” अण्णांनी मान हलवली आणि स्वतः झाडू मागवून छपरापुढची जागा झाडून घेतली.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, डोक्यावर ताटं घेऊन मळ्यात आल्या. मधोमध ताटं ठेवली. कुणाचा मनोरा गुडघ्याएवढा, कुणाचा कमरेएवढा. सगळ्यांत उंच नरसम्मा मावशीचा. झेंडूचा थर, कुरडूचा थर, शेवंतीचा थर, पुन्हा कुरडू. त्यात कागदाचा कपटाही नव्हता. बायकांनी फेर धरला आणि टाळ्यांचा ताल सुरू झाला. गोदाआत्यांना दोघींनी ओढून फेरात घेतलं होतं. त्यांची टाळी सारखी चुकत होती आणि त्या बाकीच्यांनाच रागावत होत्या. मी कडेला अण्णांच्या बाजेशी उभी होते.

तेवढ्यात श्रीनिवास आला. पांढरा सदरा, कपाळाला कुंकू. तो अण्णांच्या पायाशी वाकला आणि बाजेच्या कडेला बसला.

“अण्णा, परवा दसरा. आपलं ठरल्याप्रमाणं मी माणसं घेऊन येऊ का? नारळ फोडून टाकू, मुहूर्त चांगला आहे.”

अण्णांनी मला या सगळ्या दिवसांत एका शब्दानंही सांगितलं नव्हतं, की त्यांचं काय ठरलंय. ते आताही फेराकडेच बघत होते.

फेर थांबला. नरसम्मा मावशीनं मुलाला पाहिलं होतं. कपाळावरचा घाम पुसत ती जवळ आली. मागोमाग बाकीच्याही आल्या.

“काय विचारायलास अण्णांना?”

“अम्मा, नंतर बोलू आपण.”

“आत्ताच बोल. हॉलचंच ना?”

“हो, हॉलचंच,” श्रीनिवास जरा तडकला. “गल्लीसाठीच करतोय ना मी? लग्नं होतील, बारशी होतील. तुमची बतकम्मासुद्धा आत मांडता येईल. पाऊस असो, चिखल असो. चांगली फरशी, लाइट, पंखे. केवढी जागा मिळेल तुम्हाला!”

“मिळेल की,” मावशी म्हणाली. “जागा मिळेल, पंखा मिळेल. मी ताट घेऊन तुझ्या हॉलमध्ये येईन. ताटात काय घालू?”

श्रीनिवासनं ताटांकडे पाहिलं. आदल्या वर्षीचे कागदाचे तुरे त्यानंही पाहिले होते. आई घरात रात्री बसून कात्रीनं ते कापत होती तेव्हा तो त्याच घरात होता.

“मी काही तुझ्या वाईटावर नाही रे राजा,” मावशी हळू आवाजात म्हणाली. “तू हॉल बांधच. पण हे उपटून नको. हे एकदा उपटलं होतं, आम्ही लावलं. परत परत नाही जमणार, आमच्या कमरा दुखतात.”

बायका हसल्या. श्रीनिवासच्याही ओठांवर हसू आलं, ते त्यानं दाबलं. मग तो अण्णांकडे वळला. “अण्णा, तुम्ही काय म्हणता? जागा तुमची आहे.”

अण्णांनी बाजेची कड धरली आणि ते उठून उभे राहिले. त्यांना उठायला त्रास व्हायचा, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि सोडला नाही.

“श्रीनिवास, मी हिला पाडव्याला म्हटलं होतं, चौकात मिळत न्हाई असं काय देतीस गल्लीला, ते दाखव. मला वाटलं होतं, हिला जमणार न्हाई. खरं सांगतो, न जमावं असंही वाटत होतं. मी थकलोय.” वाफ्याकडे, जिथे कापून उरलेले थोडे तुरे अजून उभे होते, तिकडे त्यांनी पाहिलं. “तर हिनं दाखवलं. आता मळ्याचं काय ते हिला विचार. आजपासून मला विचारायचं न्हाई.”

श्रीनिवास इतकी वर्षं आमच्याकडे यायचा, पण माझ्याशी चहाच्या कपापलीकडे कधी बोलला नव्हता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“वहिनी, काय करायचं?”

त्याला काय उत्तर द्यायचं याची मी पाडव्यापासून मनातल्या मनात किती वेळा तालीम केली होती. मोठी मोठी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“हॉल बांधा, श्रीनिवासभाऊ,” मी म्हटलं. “गल्लीला हॉल पाहिजेच. पण दुसरीकडं बांधा. आणि त्यात पहिलं लग्न लागेल, त्याचे हार माझ्या मळ्यातून येतील.”

शब्द तोंडातून निघाले आणि मीच दचकले. माझ्या मळ्यातून. लग्न होऊन आल्यापासून मी ‘आपला मळा’ म्हणत होते, ‘अण्णांचा मळा’ म्हणत होते. असं कधी म्हटलं नव्हतं. मी चटकन अण्णांकडे पाहिलं.

अण्णा श्रीनिवासला म्हणत होते, “ऐकलंस ना? मालकीण काय म्हणते, ते ध्यानात ठेव.”